दुसऱ्या दिवसाचे हात

वहिनी,

तुमचं खापर अजून मागच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेलं आहे. मोठ्या मडक्याचा खालचा अर्धा भाग, चुलीवर पालथा घालायचा आणि त्यावर मांडे भाजायचे. वस्तू म्हणून ते एवढंच. पण या घरात ते हलवायचा अधिकार तुमच्याशिवाय कुणाला नव्हता. तुम्ही गेलात त्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलं होतं. कुणाचा तरी पाय लागेल म्हणून एक बाई ते उचलायला गेली, तर दादा, जो त्या दिवसांत कुणाशी बोलतच नव्हता, एकदम म्हणाला, "राहू द्या ते. तिला विचारल्याशिवाय नको."

खापर तिथेच राहिलं.

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. तुमच्या नावाची पहिली घागर भरली. त्या दिवशी चुलीपुढे जे घडलं ते तुम्हाला सांगावं म्हणून लिहायला बसलो आहे. पण त्याआधी एक जुनी गोष्ट लिहावी लागेल. ती तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ती कधी ऐकली नाहीत. तुम्ही मला "पुस्तकवाला भाऊजी" म्हणायचात आणि वर म्हणायचात, की पुस्तकवाल्यांना बोलायला वेळ लागतो. मला फारच लागला.

सुरुवात खणांपासून करतो.

धुळ्याच्या आपल्या गल्लीत तुमच्यासारखे मांडे कुणाला येत नसत. पिंपळनेरकडून तुम्ही सून म्हणून आलात त्याच वर्षी हे सगळ्यांना कळलं. वस्त्रगाळ पीठ दोरीसारखं ताणलं जाईपर्यंत तिंबायचं, पुरणाचा गोळा आत घालायचा, आणि मग पोळपाट-लाटणं नाहीच. दोन्ही हातांवर, थेट कोपरापर्यंत, तो मांडा झुलवत झुलवत पंच्याएवढा करायचा आणि एकही सुरकुती न पडता खापरावर सोडायचा. लहानपणी पाहिलेल्या कुठल्याही जादूगारापेक्षा मला ते जास्त अवघड वाटायचं. लग्न असो, बारसं असो, आखाजी असो, बोलावणं यायचं. "कमलताई, घरचंच समजून या हो." तुम्ही जायचात. दिवसभर चुलीपुढे बसायचात. संध्याकाळी ओटीत एक खण, एक नारळ आणि फडक्यात बांधलेले चार मांडे घेऊन यायचात.

खणांचं गाठोडं फडताळात वाढत गेलं. एकदा तुम्ही ते माझ्यापुढे सोडलं होतं. त्यात एक हिरवा खण होता, काठाला हळदीचा डाग पडलेला. तो तुम्ही स्वतः समोरच्यांच्या सुनेच्या ओटीत घातला होता. तिथून तो कुठे कुठे गेला देव जाणे, तीन लग्नं फिरून परत तुमच्याच ओटीत आला. "दखा भाऊजी," तुम्ही म्हणालात, "याले माहेरनी वाट बराबर याद शे." आपण दोघं किती हसलो होतो.

त्याच वर्षी दादा कामाला होता ते कापसाचं जिनिंग बंद पडलं. हंगामापुरतं नव्हे, कायमचं. मी बी. ए. होऊन बी. एड.ला प्रवेश घेतला होता आणि फीची तारीख जवळ आली होती. मी दादाला म्हणालो, मी शिक्षण सोडतो, एखाद्या दुकानात लागतो. दादा जमिनीकडे पाहत राहिला. तुम्ही फडताळ उघडलंत, गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलंत आणि विचारलंत, "एकतीस खण शेत. कॉलेजमा फी म्हणून खण लेतस का, भाऊजी?"

मला वाटलं तुम्ही थट्टा करता आहात. तुम्ही थट्टा करत नव्हता.

"नही लेतस ना? मंग वही आना. आते दर ठरावू."

तो रविवार मला तासातासानं आठवतो. मी वही आणि दादाचं मनगटी घड्याळ घेऊन तुमच्यासमोर बसलो. तुम्ही घरच्यासाठी पंचवीस मांडे केलेत आणि मी वेळ टिपली. चुलीपुढचा वेळ, भागिले मांडे; गल्लीत बाईमाणसाला दिवसाची जी मजुरी मिळायची ती समोर धरून मी उत्तर काढलं. मांड्याला चार आणे. मला माझ्या गणिताचा अभिमान वाटला होता.

तुम्ही वही हातात घेतलीत. वाचता येत असूनही तुम्ही ती उलटीसुलटी फिरवून पाहिलीत, मला चिडवायला. मग म्हणालात, "आदला दिवस कुठे शे यामा? पीठ चाळनं, डाळ शिजाडनं, पुरण वाटनं?"

मी ते घातलं.

"खापर वरीसमा दोन फुटतस."

मी तेही घातलं.

"आनि दुसरा दिन?"

दुसऱ्या दिवशी काय असतं, हे मला खरंच ठाऊक नव्हतं. तुम्ही हात पुढे केलेत. मनगटापासून कोपरापर्यंत वाफेचे लाल पट्टे होते. "दुसरा दिन ह्या हात उठतस नहीत, भाऊजी. पाणीना तांब्या उचलाता येस नही. त्या दिवसना हात कोन देस माले?"

मी म्हणालो, की अशी गोष्ट हिशेबात धरता येत नाही, काम केलं नाही त्या दिवसाचे पैसे लोक कसे देतील? तुम्ही शांतपणे म्हणालात, की दुसऱ्या दिवशी हात उठत नाहीत ते आदल्या दिवशीच्या कामामुळेच उठत नाहीत, मग तो दिवसही त्याच कामाचा. शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मला इतकं सरळ वाक्य भेटलं नाही. आपण आठ आणे लिहिले.

पण लिहिणं वेगळं आणि सांगणं वेगळं. पहिल्यांदा दर सांगायची वेळ आली ती कापडवाल्या शेठजींच्या घरी. मी सोबत आलो होतो, पण जिन्यातच थांबलो. मला लाज वाटत होती, वहिनी. आपल्या घरची सून मजुरीचा दर सांगते आहे, हे ऐकायला मला उजेडात उभं राहवेना. त्याच मजुरीवर माझी फी भरली जाणार होती, तरीही. वरून आवाज येत होते.

"आठ आणे? अगं बाई! पीठ आमचं, पुरण आमचं, लाकडंही आमचीच!"

"हो ना. हात माझे."

घरी तुम्ही अहिराणी बोलायचात आणि दर सांगताना मात्र अगदी स्वच्छ शहरी मराठी. त्या दिवशी ते माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं.

"आणि आजवर खण-नारळावर येत होतीस ती?"

"आता खण नको, काकू. माझ्याकडे एकतीस आहेत. तुम्हाला लग्नात लागतील तर सांगा, आणून देते."

मग शेठाणी मोठ्यांदा हसल्याचं ऐकू आलं. दीडशे मांड्यांचं काम ठरलं. जिना उतरताना तुम्ही मला अंधारात उभा पाहिलंत आणि खांद्यावर थाप मारलीत. माझी फी वेळेत भरली गेली. त्या पावतीचा रंग फिकट गुलाबी होता. मास्तर झालो तो तुमच्या कोपरापर्यंतच्या त्या पट्ट्यांवर झालो, हे मी वर्गात मुलांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तुमच्या धंद्याचा एक नियम मी तुमच्याकडून इतक्यांदा ऐकला, की झोपेतही म्हणेन. चूल पेटण्याआधी दर. पेटल्यावर नाही, जेवणं झाल्यावर तर मुळीच नाही. खापर मांडायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, पुसता पुसता दर म्हणायचा आणि पुसत राहायचं. समोरचा "हो" म्हणेपर्यंत फडकं थांबायचं नाही. किती खापरं या पुसण्यानं गुळगुळीत झाली असतील!

ज्यांना दर खरोखरच परवडत नसे, त्यांचं काय करायचं, यावर आपलं एकमत कधीच झालं नाही. मी म्हणायचो, गरिबाला निम्मा लावा. तुम्ही म्हणायचात, निम्मा लावला की तो माणूस मला दारात पाहून मान खाली घालील, आणि श्रीमंत उद्या त्याचाच दाखला देईल. इंदू तशीच तर आली आपल्याकडे. मागच्या गल्लीतल्या हातगाडीवाल्याची मुलगी, नवऱ्यानं टाकून दिलेली, माहेरी परत आलेली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि बापाकडे साठ मांड्यांचे पैसे नव्हते. तुम्ही एक पैसा कमी केला नाहीत. म्हणालात, "दर तोच. पण पैसा नको. तुनी ही पोर चार लगीन मनासंगे चुलीजोगे बसू दे." बापाला वाटलं, ही बाई फारच कठोर आहे. चौथ्या लग्नापर्यंत इंदूला मांडा कोपरापर्यंत झुलवता येत होता. पाचव्या लग्नापासून तुम्ही तिला तिची मजुरी द्यायला लागलात.

आणि मग इंदूनं स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हाचा तुमचा राग! तोवर तुमचा दर रुपयावर गेला होता. गिऱ्हाईक मिळावं म्हणून ती बारा आण्यांत करायला लागली. मला वाटलं, गिऱ्हाइकं तुटतील म्हणून तुम्ही रागावलात. तुम्ही तिला बोलावून घेतलंत, ओट्यावर बसवलंत, आणि तिचे हात हातात धरून विचारलंत, "इंदे, तुना हात काय रस्तावर सापडेल शेत का?"

इंदू रडायलाच लागली. म्हणाली, "वहिनी, तुमनाइतला दर माले कोन देस?"

"तू सांगशीन त लोक देतीन. तू दुसरा दिन खाई टाका, बाई. चार आणा कमी करीसन तूच तुना दुसरा दिन खाई टाका. आनि उद्या बठ्ठा लोक माले म्हनतीन, इंदू करस तर तू काबर नही?"

त्याच बैठकीत तुम्ही तुमच्याकडची दोन लग्नं तिला दिलीत, रुपयाच्या दरानं. मी आत पुस्तक वाचत बसलो होतो. पान उलटलं नाही. स्वस्त देणं म्हणजे दर वेळी चांगुलपणाच असं नाही, त्यात शेजारच्याचा घास जाऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. किंवा कळलं असं वाटलं.

एका गोष्टीवर मात्र मी हार मानली नाही, आजही मानत नाही. तुमचा वैशाखाचा दर. वर्षभर एक, वैशाखात चढा. मी म्हणायचो, आखाजी आणि लग्नसराई, लोकांना गरज तेव्हाच असते, आणि गरज पाहून दर वाढवणं हा साठेबाजांचा धर्म झाला. तुम्ही म्हणालात, "लोकनी गरज मी दखस नही. मी मना ताप दखस. वैशाखमा खापरजोगे बसीसन तर दखा."

मी बसलो. पाव तास. चष्म्याच्या धातूच्या काड्या तापून कानामागे असा चटका बसला, की मी चष्मा फेकून उठलो. तुमची नलू तेव्हा लहान होती, ती टाळ्या वाजवत गल्लीभर सांगत सुटली, काकाचे कान भाजले म्हणून. तुम्ही कानाला तूप लावून दिलंत आणि विचारलंत, "आते सांगा. कितला वाढावू?" मी तरीही तत्त्वाचं बोलत राहिलो. पुढे मी जळगावला गेल्यावरही प्रत्येक पत्रात एक ओळ त्या वादाची असायची. नलूकडून लिहवून घेतलेल्या तुमच्या उत्तरात शेवटी हमखास असायचं, "कान बरे आहेत ना?"

आता जळगाव.

मला तिथल्या शाळेत लागून दोन वर्षं झाली होती. नोकरी तात्पुरती. एप्रिलअखेर हातात कागद पडायचा, की उद्यापासून येऊ नका, आणि जूनमध्ये पुन्हा नेमणूक व्हायची. मधले दिवस कसे जायचे ते माझं मला ठाऊक. तिसऱ्या वर्षी मला कायम करतील अशी बोलणी होती आणि त्या कागदावर मुख्याध्यापकांची सही लागणार होती. नेमकं त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी मला हाक मारली.

"तुमच्या वहिनी मांडे करतात म्हणे, धुळ्याला. येतील का? आणि त्यांचा दर काय असतो?"

त्यांनी दर विचारला होता, वहिनी. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमची समजूत अशी असेल, की मोठ्या माणसानं गृहीत धरलं. त्यांनी धरलं नाही. त्यांनी सरळ विचारलं, आणि मी म्हणालो, "सर, तुमच्याकडून कसला दर? घरचंच कार्य आहे."

ते म्हणाले, "नाही नाही, कष्टाचे असतात ते. सांगा."

मी दुसऱ्यांदा म्हणालो, "वहिनी माझ्या शब्दाबाहेर नाहीत, सर."

तुमचे हात मी विकले असं म्हणवत नाही, कारण विकताना निदान किंमत तरी सांगतात.

तुम्ही इंदूला घेऊन एस. टी.नं आलात. खापर गोधडीत गुंडाळून धुळ्यापासून मांडीवर धरलेलं. तुमच्या चेहऱ्यावर आनंद होता, भाऊजींच्या शाळेतलं कार्य म्हणून. दराचं मी तोवर तुम्हाला काहीच कळवलं नव्हतं. स्टँडवर सांगीन म्हटलं. टांग्यात सांगीन म्हटलं. मांडवामागे चूल रचलेली होती. तुम्ही खापर मांडलंत, फडकं ओलं केलंत, पुसायला लागलात आणि मुलीच्या आईला म्हणालात, "दर भाऊजींनी सांगितलाच असेल."

"हो तर! म्हणाले, घरचंच कार्य. कित्ती मनाचे मोठे हो तुम्ही लोक."

फडकं थांबलं. मी पाण्याच्या पिंपाजवळ उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग पदर खोचलात आणि इंदूला म्हणालात, "पेटव."

तीनशे मांडे. दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत, जळगावचं ऊन डोक्यावर. पंगतीत लोक मांडा उचलून धरत आणि त्यातून पलीकडचं दिसतं का पाहत. मुख्याध्यापक मला जवळ घेऊन चार माणसांत म्हणाले, वा, काय हात आहेत! मी ती वाहवा स्वतःची असल्यासारखी घेतली.

संध्याकाळी मी तुम्हाला स्टँडवर सोडायला आलो. बसमध्ये चढता चढता तुम्ही ओटीतला खण काढून माझ्या हातात ठेवलात. "हाऊ तुमना. बोली तुम्ही करेल शे, मंग खणबी तुमनाच." आणि हसलात. ते हसू रागाचं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते नेहमीचंच होतं, त्या हिरव्या खणावर हसलो होतो तसलं. मग फडक्यात बांधलेले चार मांडे दिलेत. "रूमवर गरम करीसन खा. उपाशी झोपू नका."

जूनमध्ये मी कायम झालो. पुढे निवृत्त होताना तेच मुख्याध्यापक मला म्हणाले, की तुमची शिफारस मी आदल्या डिसेंबरातच करून ठेवली होती. मी घरी येऊन तो खण ट्रंकेच्या तळाशी घातला.

दिवाळीला धुळ्याला आलो तेव्हा तीनशे मांड्यांचे पैसे, तुमच्या वैशाखाच्या दरानं, पाकिटात घालून आणले होते. तुम्ही पाकीट उघडलंही नाहीत. "भाऊजी, दर नंतर ठरत नही. चूल पेटाना आधी ठरस." पाकीट माझ्या खिशात परत घातलंत आणि फराळाची बशी पुढे केलीत. त्या वेळी मी दर सोडून दुसरं काही बोलायला हवं होतं. "चुकलो" एवढंच. मी चकलीचं कौतुक केलं.

आणि या चैत्रात, दवाखान्यात, तुमचा हात माझ्या हातात होता. पट्टे कधीच पुसट झाले होते, कातडी मात्र तिथे वेगळी लागत होती. मनात पक्कं ठरवून आलो होतो, आज बोलायचंच. तोंड उघडलं, तर तुम्हीच विचारलंत, "जेवलात का?" मी म्हणालो, हो. जेवलो नव्हतो. तुम्हालाही ते कळलं होतं.

तर परवाची आखाजी.

सकाळीच नलू सासरहून आली. दादानं कुंभाराकडून नवी घागर आणली, तिला दोरा गुंडाळला, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. आमरसाला आंबे आले. मांड्यांसाठी इंदूला सांगितलं होतं. आता इंदूच्या हाताखाली दोन बायका आहेत, तुम्ही पाहिलंच आहे. ती तिचं स्वतःचं खापर घेऊन आली. तुमचं तिनं लांबूनच पाहिलं, हात लावला नाही. चुलीवर खापर मांडलं आणि पुसायलाही न घेता काडेपेटी उचलली.

मी म्हणालो, "इंदू, आधी दर."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला शिवी दिली. "काय बोलतस, मास्तर? वहिनीनी घागर शे. तिना पैसा लेऊ मी?"

"दर सांगितल्याशिवाय चूल पेटणार नाही."

"मी घरनीच शे ना?"

तो शब्द आला आणि मला पुढचं थांबवता आलं नाही. दादा पाटावर बसला होता, नलू रस काढत होती; त्यांच्यासमोर, न पेटलेल्या चुलीपुढे उभा राहून मी जळगावची सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी दर विचारला होता, दोनदा विचारला होता, आणि मी काय उत्तर दिलं, ते. शेवटी म्हणालो, "मी चुकलो." घागरीकडे बघून म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नलूनं रसाचे हात तसेच धरून ठेवले होते.

दादा म्हणाला, "मला ती म्हणाली होती, जळगावची माणसं दिलदार होती म्हणून."

इंदूनं काडेपेटी खाली ठेवली. "तुमले एक ठाऊक नही, मास्तर," ती म्हणाली. "त्या दिनना मना बठ्ठा पैसा वहिनीनी माले देयेल शेत. वैशाखना दरवर. बसमाच. मी नको सांगं, त म्हने, भाऊजीनी चूक शे, तुना हातनी नही."

म्हणजे त्या दिवशी तुम्ही नुसतं फुकट काम केलं नाहीत, पदरचे घातलेत. आणि परतीच्या बसमध्ये, न उठणाऱ्या हातांनी कनवटीची गाठ सोडलीत. मी तेव्हा रूमवर तुमचे मांडे गरम करून खात होतो.

मग इंदूनं फडकं ओलं केलं. खापर पुसायला लागली, अगदी तुमच्यासारखी, मधून कडेकडे. पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, तुमच्या त्या शहरी मराठीत म्हणाली, "मांड्याला तीन रुपये. वैशाख आहे."

"दुसरा दिवस धरलास?"

"धरला."

"बरं," मी म्हणालो. वैशाखाच्या दरावर मी हुज्जत घातली नाही. याचा अर्थ मला तो पटला असा नाही, वहिनी. तो वाद आपला आपण चालू ठेवू.

चूल पेटली. पहिला मांडा घागरीपुढे ठेवला, रस वाढला, कुरडई ठेवली. दादानं निखाऱ्यावर तुमच्या नावानं घास टाकला. इंदूनं जाताना ठरलेले पैसे घेतले आणि कनवटीला लावले. नमस्कार करायला वाकली ती घागरीला, मला नव्हे.

काल सकाळी मी मागच्या गल्लीत तिच्या घरी गेलो. तसं काही काम नव्हतं. एवढी वर्षं तुमच्या मांड्यांवर जगलो, पण दुसरा दिवस मी कधी पाहिलाच नव्हता. त्या सकाळी मी नेहमी कॉलेजात असायचो, नाहीतर शाळेत, नाहीतर परतीच्या बसमध्ये. इंदू ओट्यावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे, कुणाचे तरी सांभाळायला दिल्यासारखे. मनगटापासून वर पट्टे. मला पाहून ती उठली नाही.

"या मास्तर. बसा. पाणी तुमनं तुम्हीच घ्या, आज माले उठाता येस नही."

मी आत गेलो. माठातून तांब्या भरला. आधी तिला पाजलं, मग मी प्यालो.